पाणी प्यायला कुठे उठलास?

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसे. तिथे एक प्लास्टिकची पट्टी असे, ओळीने गोल भोकं पाडलेली: सोळा मिलिमीटर, अठरा, वीस. द्राक्षाचा मणी भोकातून सटकला तर बारीक, अडकला तर परदेशी जायला लायक. दिंडोरीजवळच्या ज्या पॅकहाऊसमध्ये मी कागदपत्रं रंगवायचो, तिथे माल तपासण्याचं मुख्य काम त्यांच्याकडे होतं, आणि पंचवीसेक वर्षं मणी पारखून त्यांची नजरच त्या पट्टीसारखी झाली होती. एका लग्नात मी त्यांना गुलाबजामला पट्टी लावताना पाहिलंय. 'एकसारखे नाहीत,' असं म्हणून त्यांनी सहा खाल्ले.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. हंगामात रोज सकाळी साडेसातला गंगापूर रोडवरून कंपनीची गाडी निघे. पुढे ड्रायव्हर संपत आणि त्याच्या शेजारी काका; मागे प्रयोगशाळेतल्या वैशालीताई आणि मी. म्हसरूळ मागे पडलं की काका मान न वळवता विचारत, "बोला, काय पाहिलंत?"

म्हणजे कुठला सिनेमा, कुठली मालिका. बाहेर दोन्ही बाजूंना बागा सरकत असायच्या, फवारणीचे ट्रॅक्टर आडवे यायचे, आणि आत आमची तोंडी परीक्षा चालायची. परीक्षा हाच शब्द. तुम्हाला वाटेल, चार माणसं गाडीत सिनेमावर गप्पा मारतात यात घाम फुटण्यासारखं काय आहे. त्या गाडीत बसून बघायला हवं होतं.

गोष्ट सांगायची नाही, हा पहिला नियम. मस्त, भारी, बकवास हे शब्द काढायचे नाहीत, हा दुसरा. संपत एकदा चुकून 'लय भारी हाय' म्हणाला तेव्हा काकांनी पुढच्या ढकांबे गावापर्यंत त्याला 'लय म्हणजे किती?' असं विचारून विचारून असा पिळला की त्याने पुढे आठ दिवस काही पाहिलंच नाही. आणि सगळं सांगून झालं की काकांचा ठरलेला प्रश्न यायचा: पाणी प्यायला कुठे उठलास?

त्यांचं शास्त्र साधं होतं. माणूस खोटं बोलतो, त्याची तहान बोलत नाही. जिथे तुम्ही तांब्याकडे गेलात, तिथे मणी सडका. तेवढा मणी कात्रीने काढायचा, अख्खा घड फेकायचा नाही. ज्या सिनेमात आपण कुठेच उठलो नाही असं कुणी म्हणालं, त्याच्याकडे ते संशयाने बघत. असा घड पंचवीस वर्षांत आपल्या हाताला लागलेला नाही, म्हणत.

स्वतः ते घरी पॅकहाऊसचा एक जुना क्रेट पालथा घालून त्यावर बसून मालिका बघत. गादीच्या सोफ्यावर कुठलीही मालिका बरी वाटते, हे त्यांचं मत. दीडपट वेगाने मालिका बघणाऱ्यांना ते पावडर टाकून आंबा पिकवणाऱ्यांच्या रांगेत बसवत. आणि शेवटी नावांची पाटी सुरू झाली की रिमोट हातात धरून दबा धरत, कारण पाच सेकंदांत ती पाटी बारीक होऊन पुढचा भाग सुरू होतो. तो होऊ द्यायचा नाही. सगळी नावं शेवटपर्यंत वाचायची, तीही ओठ हलवून. चहा देणाऱ्याचंसुद्धा. मी एकदा हसलो तर म्हणाले, पेटीवर निवडणाऱ्या बाईचा नंबर आपण का टाकतो? मला ते तेव्हा फार विक्षिप्त वाटलं होतं. ती नावं ते का वाचत होते, हे मला पुढे कळलं, आणि कळलं ते फार वाईट पद्धतीने.

आता माझ्याबद्दल. टीव्हीपुढे मी दहाव्या मिनिटाला झोपतो. हे आमच्या घरात सर्वश्रुत आहे. आई माझ्या अंगावर चादर टाकूनच रिमोट हातात घेते. पण गाडीत मूर्ख दिसायचं नव्हतं. म्हणून मी सकाळी आंघोळीच्या आधी फोनवर लोकांचे अभिप्राय वाचायचो, एकाचं वाक्य, दुसऱ्याची तक्रार असं एकत्र कालवायचो आणि म्हसरूळनंतर गंभीर आवाजात वाढायचो. पाण्याच्या प्रश्नाला माझं एकच उत्तर असे: तिसऱ्या भागात. ते नेहमी बरोबर यायचं. कुठलीही मालिका तिसऱ्या भागात बसकण मारतेच. दोन वर्षांत हे एकदाही पकडलं गेलं नाही, उलट एक दिवस काका म्हणाले की तुझी नजर चांगली आहे. मी जणू खरंच पाहिलं असल्यासारखा फुगलो.

त्या नजरेला कामही मिळालं होतं. काकांच्या सख्ख्या भावाची निफाडकडे बाग आहे. त्याचा माल आला त्या दिवशी काकांनी पट्टी खिशातून काढलीच नाही. त्यांनी क्रेटवरची शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी उलटी केली, तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि मला बोलावून म्हणाले, बघ. चिठ्ठी झाकून तपासणी ही त्यांची पद्धत होती. माल आपल्या माणसाचा असेल तर आपण हात लावायचा नाही, तिऱ्हाइताला द्यायचा, आणि तो सांगेल ते शेवटचं. मला कुणाचा माल ते माहीत नव्हतं. मी घड देठाने उचलला, कारण मण्यांना बोट लागलं की वरचा पांढरट थर जातो. उलटा केला, आत बघितलं, दुसरा उचलला, तिसरा. आतल्या बाजूला मणी तडकलेले होते. नाही चालणार, म्हणालो. काकांनी चिकटपट्टी न काढता क्रेट बाजूला केला. भावाने त्यानंतर आपल्या मुलीच्या लग्नाला त्यांना बोलावलं नाही. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी डबा परत नेला, न उघडता.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात मी किती खोल खड्डा खणला ते यावरून कळेल.

गेल्या हंगामात एका सोमवारी काकांनी विचारलं नाही, सांगितलं. एक नवी मराठी मालिका आली आहे, आठ भागांची, धरणाकाठच्या गावातला पोस्टमन बेपत्ता होतो त्याची. तिघांनी बघा. गुरुवारी बोलू. असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. वैशालीताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. संपत म्हणाला, हाव काका.

मी अर्थातच पाहिली नाही. गुरुवारी सकाळी बादली भरेपर्यंत फोनवर एक झणझणीत अभिप्राय सापडला, तो उचलला आणि वाटेत त्याला फोडणी दिली.

गाडीत संपतने आधी सांगितलं की त्याला सगळं आवडलं. त्याला सगळंच आवडतं. त्याचं मत काका धरत नाहीत. वैशालीताई म्हणाल्या, माझं राहू द्या काका. मग माझी पाळी. मी म्हणालो की कथा ठीक, कामं ठीक, पण दृश्यं कापलीत इतकी ढिसाळ की माल हातात आल्यावर देठापासून सुटतोय. आणि टाळी मिळेल या आशेने शेवट केला: "ज्याने हे कापलं त्याच्या हातात कात्री दिलीच कशाला? पुढच्या गाडीने घरी पाठवा त्याला."

कुणी हसलं नाही. काकांनी पाण्याचं विचारलंच नाही. त्यांनी खिशातली पट्टी काढली, तिच्या अठराच्या भोकातून समोरचा रस्ता बघितला आणि परत ठेवली. वैशालीताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गाडीत ओकलो आहे.

दुपारी जेवताना वैशालीताईंनी मला शीतगृहाच्या मागे नेलं. तिथे थंडी होती की त्यांच्या आवाजात, सांगता येत नाही. काकांना एक मुलगी आहे हे मला माहीत होतं; ती मुंबईला काहीतरी करते एवढंच. वैशालीताईंनी बाकीचं सांगितलं. कृषी महाविद्यालयातली जागा सोडून ती मालिकांच्या संकलनाचं काम शिकायला गेली, म्हणजे काढलेल्या दृश्यांतलं काय ठेवायचं, काय कापायचं ते ठरवण्याचं काम. काका तेव्हा म्हणाले होते की तुझ्या कामावर बाप म्हणून मी मत देणार नाही. ज्या दिवशी ओळख नसलेला माणूस तुझं काम बरं म्हणेल, त्या दिवशी मी बोलेन. तिनेही हट्टाने फोन बंद केला. तीन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं. ही पोस्टमनची मालिका तिने एकटीने कापलेली पहिली. आणि शनिवारी साडेनऊच्या गाडीने ती नाशिकरोडला उतरणार होती. आईला तिने कळवलं होतं: बाबा स्टेशनवर आले तर घरी येते, नाहीतर मैत्रिणीकडे जाऊन संध्याकाळी परत जाते.

"मला माहीत होतं म्हणून मी बोलले नाही," वैशालीताई म्हणाल्या. "संपतचं ते धरत नाहीत. तू एकटाच उरलास. चिठ्ठी तुझ्यासाठी झाकली होती."

मी विचारलं, मग आता?

"आता काय. मघाशी काकूंना फोन करून सांगितलं त्यांनी, शनिवारी कामावर जातोय म्हणून."

मला पहिल्यांदा काय सुचलं ते सांगतो, कारण लाज सोडल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला सुचलं की आपण म्हणू, काका, मी परत पाहिली, आता आवडली. वैशालीताई माझा चेहरा वाचत असाव्यात. त्या म्हणाल्या, आणखी एक खोटं मांडू नकोस, आहे तेच पुरे आहे. आणि तू ती बघितलीस तरी का, असं त्यांनी विचारलं. मी बुटांकडे बघितलं. त्यांना उत्तर मिळालं.

शुक्रवारी पोट बिघडल्याचं कळवून मी घरी राहिलो. सकाळी दहाला बाथरूममधली बादली आणून पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. सोफ्यावर बसलो असतो तर झोपलो असतो. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. बसायच्या आधी मी तो झणझणीत अभिप्राय परत उघडला, निदान कुठे बघायचं ते कळावं म्हणून. तेव्हा त्याच्याखालची तारीख दिसली. मालिका यायच्या दोन दिवस आधी लिहिलेला होता. म्हणजे ज्याचं मी चोरलं, त्यानेही पाहिली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून एका मुलीला घरी पाठवा म्हटलं होतं, आणि दोघांनीही क्रेट उचलला नव्हता.

पाचव्या भागात एक जागा आहे. पोस्टमनची बायको उंबरठ्यात उभी असते, पोलीस विचारपूस करून निघून जातो. आता कापतील असं आपल्याला वाटतं. कापत नाहीत. ती उभी. मागे कुठेतरी पाण्याचा पंप सुरू होतो. तरी कापत नाहीत. मग ती हळूच नवऱ्याच्या सायकलचा पंप उचलून आत ठेवते, आणि आपल्याला कळतं की तिला सगळं आधीपासून माहीत आहे. ती कात्री कुठे चालवायची नाही हे ज्या कुणाला कळलं होतं, त्याला घरी पाठवा म्हणून मी गाडीत टाळी मागितली होती.

शेवटी नावं आली. मी ओठ हलवून वाचली. संकलनापुढे काकांचं आडनाव होतं. आता कळलं, तीन वर्षं ते रिमोट धरून कशासाठी बसत होते. आधीच्या मालिकांत ती सहायकांत असणार, अगदी खाली, चहावाल्याच्या आसपास.

शनिवारी साडेसातला गाडी आली. काका डबा घेऊन पुढे बसले. इस्त्रीचा शर्ट होता. रोज नसे. म्हसरूळ गेलं, त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटलं विचारतील, मग मी सांगेन. दोन वर्षांत एकदाच मला तो प्रश्न हवा होता. घड्याळात आठ वाजून गेले. प्रत्येक मिनिटाला आम्ही स्टेशनपासून लांब जात होतो. मी घसा खाकरला, तर वैशालीताईंनी डोळे मिटून घेतले. ढकांबे मागे पडलं तेव्हा माझं तोंड उघडलं.

"काका, मी ती मालिका पाहिली."

"गुरुवारी सांगितलंस."

"गुरुवारी पाहिली नव्हती. काल पाहिली."

संपतने रेडिओ बंद केला. काकांनी मान वळवली नाही. त्यांची मान मागून किती लाल होत जाते ते मी बघत होतो.

"याच्या आधीच्या?"

"त्याही नाही."

"सगळं?"

"वाचून बोलायचो."

एक ट्रॅक्टर गेला, त्याची ट्रॉली गेली. मग त्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो मला अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता, भीती होती.

"माझ्या भावाचा क्रेट. तो उचलला होतास?"

"उचलला होता काका. तीन घड. देठाने."

"खरं?"

मी खरं बोलत होतो, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. दोन वर्षं थापा मारल्या की खऱ्याची हीच गत होते. मी आईची शपथ घेणार होतो, पण तोंडातून आलं ते दुसरंच: "आतल्या बाजूला मणी तडकले होते. घडाच्या खांद्याजवळ नाही, खाली, शेपटाकडे. बाहेरून दिसत नव्हते."

काका म्हणाले, "गाडी बाजूला घे."

ते उतरले. बागेच्या तारेपाशी पाठमोरे उभे राहिले. संपत हळूच म्हणाला, "लय मोठा घोळ केला तुम्ही साहेब. आता काय खरं नाय." आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मला वाटलं आता मला उतरवून देतील, आणि खरं तर मी पाय बाहेर काढून तयारही होतो. काका परत आले ते माझ्या खिडकीशी. वाकले.

"पाणी प्यायला कुठे उठलास?"

"सहाव्या भागात."

"सहाव्यात कुठे?"

"जत्रेत. पाळणा फिरायला लागला तेव्हा उठलो. पाणी पिऊन, तांब्या विसळून आलो, तरी पाळणा फिरतच होता."

"आणि?"

"आणि कुठेच नाही. पाचव्यात ती बाई उंबरठ्यात उभी राहते, तिथे तर..." पुढचं वाक्य कुठेच वाचलेलं नव्हतं. गाडीतला मी इतका बोलका माणूस.

त्यांनी खिडकीची कड धरून ठेवली होती. "मीही जत्रेतच उठलो," ते म्हणाले. "पण माझं धरायचं नसतं." मग पुढे जाऊन बसले, डबा मांडीवर घेतला आणि संपतला म्हणाले, गाडी वळव.

पुढचा सव्वा तास मी आयुष्यातून काढून टाकायला तयार आहे. ढकांब्याहून नाशिकरोड म्हणजे अख्खं शहर आडवं. कामाला निघालेलं सगळं नाशिक आमच्या पुढे होतं. काकांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. आम्ही तिघं बघत होतो. द्वारकेच्या चौकात गाडी अशी अडकली की वैशालीताई कसलं तरी स्तोत्र पुटपुटायला लागल्या. पॅकहाऊसमधून माझ्या फोनवर चार फोन आले, माल येऊन उभा होता, कुणी तपासायला नव्हतं. मी एकही उचलला नाही. काकांचा हंगामातला पंचवीस वर्षांतला पहिला उशीर माझ्या नावावर आहे.

तिची गाडी येऊन गेली होती. फलाटावरून बाहेर पडणारी गर्दी ओसरली होती. ती बाहेर, रिक्षांच्या रांगेपाशी उभी होती; आखूड केस, पायाशी एक बॅग. एका रिक्षावाल्याशी तिचं बोलणं चाललं होतं आणि तो बॅगेला हात घालत होता. काका चालत गेले, धावले नाहीत. मी मागे होतो, चार पावलांवर, माझं तिथे काहीही काम नसताना.

तीन वर्षांनी बाप मुलीला पहिलं वाक्य म्हणाला ते असं:

"सहाव्या भागातली जत्रा लांबली."

ती वळली. बघत राहिली. "मी कापली होती," ती म्हणाली. "त्यांनी परत घातली."

"किती ठेवली होतीस?"

"पाळण्याचा एक फेरा."

काकांनी विचार केला. खरोखर केला, तो पाळणा त्यांनी डोळ्यांसमोर एक फेरा फिरवला असणार.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आणि तिची बॅग वरच्या बंदाला दोन बोटांत धरून उचलली. देठाने उचलतात तशी.

मला त्यांनी माफ केलं का, हे मी सांगू शकत नाही. तसं ते काही बोलले नाहीत. उरलेला हंगाम रोजचा पहिला क्रेट ते मला उचलायला लावत, स्वतः शेजारी उभे राहून. गाडीत माझी पाळी सगळ्यात शेवटी यायची. मी म्हणायचो, पाहिली नाही. ते म्हणायचे, बरं. पहिल्या आठवड्यात ते दोन शब्द उच्चारताना कान तापायचे. नंतर सवय झाली. पावसाळ्यात ते निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर मीही ती नोकरी सोडली.

हल्ली मी मालिका बघतो. कमी, पण बघतो. आई तांब्या भरून शेजारी आणून ठेवते, तो मी उचलून परत स्वयंपाकघरात ठेवून येतो. जवळ असला की बसल्याबसल्या पिणं होतं, आणि मग कुठे उठलो ते कळत नाही.